पांढरी म्हैस आणि इतर प्रश्न

मागच्या अंकात ‘बुद्धी या विषयावर प्रश्न पाठवा’ असं आम्ही छापलं आणि संपादकांच्या टेबलावर पत्रांचा ढीग लागला. त्यातल्या निम्म्या पत्रांत “मुलगा हुशार आहे, पण अभ्यास करत नाही” हे एकच वाक्य निरनिराळ्या अक्षरांत होतं. ती बाजूला ठेवली. उरलेल्यांतली पाच घेते. नव्या वाचकांसाठी सांगते: मिरजेत मुलांच्या ओपीडीशेजारच्या खोलीत बसून बुद्धिमापन चाचण्या घेण्यात माझी उभी नोकरी गेली. त्यामुळे या विषयात माझी मतं ठाम आहेत, थोडी तिखटही आहेत.

ताई, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, इंग्रजी माध्यमात चौथीत. शाळेच्या सांगण्यावरून बुद्धिमापन केलं. बुद्ध्यांक ९४ आला. तेव्हापासून घरात सुतक असल्यासारखं आहे. त्यातच एका क्लासवाल्यांनी बोटांचे ठसे घेऊन त्याचा मेंदू कोणत्या प्रकारचा आहे याचा रंगीत अहवाल दिला, पाच हजार रुपये घेतले. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे तो गिऱ्हाइकाला उरलेले पैसे तोंडी हिशेब करून देतो, चुकत नाही. पण धडा वाचायला बसवला की अडखळतो, ओळ सोडतो. हा मंद आहे का? — एक आई, नाशिक

सुतक आधी उठवा. या चाचण्यांची रचनाच अशी असते की सरासरी १०० यावी आणि साधारण निम्मी माणसं ९० ते ११० या पट्ट्यात बसावीत. तुमचा मुलगा त्या निम्म्यांत आहे. शिवाय हाच मुलगा पुढच्या महिन्यात पुन्हा बसला तर ९४ च येईल असंही नाही. चार-पाच गुण इकडेतिकडे होणं हे या मोजमापात धरलेलंच आहे. म्हणून जाणता माणूस कधी नुसता आकडा लिहून देत नाही, मर्यादा लिहितो: ‘८९ ते ९९ च्या दरम्यान’ असं काहीतरी. तुमच्या अहवालात ते नसेल तर विचारा. आणखी दोन गोष्टी विचारा. चाचणी कोणती होती? आणि ती कोणत्या भाषेत घेतली? घरात मराठी, दुकानात मराठी आणि प्रश्न इंग्रजीतून, असं असेल तर मोजलं काय गेलं हा प्रश्नच आहे.

आता थोडा इतिहास सांगते, कारण तो माहीत असता तर तुमच्या घरात हे सुतक आलंच नसतं. १९०४ मध्ये फ्रान्सच्या शिक्षण खात्यानं एक समिती नेमली. शाळा सक्तीची झाली होती आणि वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचं काय करायचं हे कळत नव्हतं. आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञानं तेओदोर सिमाँ या तरुण डॉक्टरला हाताशी धरून १९०५ मध्ये तीस प्रश्नांची एक चढती मालिका तयार केली. पहिला प्रश्न एवढाच: पेटती काडी डोळ्यांपुढून नेली तर मूल तिच्यामागे नजर फिरवतं का? शेवटचा प्रश्न असा: एखाद्याबद्दल आदर वाटणं आणि माया वाटणं यात फरक काय? (हा प्रश्न आपल्याकडच्या लग्न जुळवणाऱ्यांना घालावा असं मला फार वर्षं वाटतंय.) हेतू एकच होता: कोणत्या मुलाला वेगळी मदत लागेल ते शोधायचं आणि ती द्यायची. मुलाची बुद्धी जन्माला येतानाच ठरते, ती वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर बिनेनं १९०९ च्या पुस्तकात चांगलेच कोरडे ओढले आहेत.

१९११ मध्ये बिने गेला. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न या मानसशास्त्रज्ञानं मानसिक वयाला (मूल किती वर्षांच्या मुलांइतके प्रश्न सोडवतं त्याला) खऱ्या वयानं भागायची युक्ती काढली. १९१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुईस टर्मननं त्याला १०० नं गुणलं आणि तो आकडा माणसाच्या कपाळी बसला. मदत शोधायचं साधन लायकी ठरवायचं झालं. याच टर्मननं १९२१ पासून कॅलिफोर्नियातली अतिबुद्धिमान मुलं निवडून आयुष्यभर त्यांचा माग ठेवायचा प्रकल्प सुरू केला. त्याच्या चाळणीतून गळलेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्व्हारेझ हे दोघे होते. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चाळणीतून आत गेलेल्यांत एकालाही मिळालं नाही.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई प्रांतातल्या मराठी आणि कानडी मुलांवर बिनेची चाचणी बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० चं. ‘कामत टेस्ट’ घेऊनच माझी नोकरी झाली. नागपुरातून १९६९ मध्ये आलेली मलिन यांची चाचणीही मी वापरली. दोन्ही मेहनतीनं केलेली कामं आहेत, पण त्यांचे निकष, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांवरून सरासरी ठरवली ते आकडे, आता म्हातारे झाले आहेत. जुन्या निकषांवर आजच्या मुलांचे आकडे फुगतात. ते का, हे पुढच्या पत्रात येईल.

तुमच्या पत्रातली खरी बातमी आकड्यात नाही, शेवटच्या दोन ओळींत आहे. तोंडी हिशेब चोख आणि वाचताना ओळ सुटते, ही मला तरी मंदपणाची खूण वाटत नाही. ही अध्ययन अक्षमता असू शकते, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित अवघड जाणं; तिच्यातला वाचनाचा प्रकार. ती पत्रावरून ठरत नाही, तपासावी लागते. आठ-नऊ वर्षांचं वय त्यासाठी नेमकं योग्य आहे. आधी डोळे आणि कान तपासा. मग मोठ्या सरकारी रुग्णालयात जिथे ही तपासणी होते तिथे जा. जाताना चाचणीचे नुसते एकूण गुण नेऊ नका, प्रत्येक भागाचे वेगवेगळे गुण मागून घ्या. निदान झालं तर विशेष शिक्षकाकडून वाचन शिकवता येतं आणि पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

बोटांच्या ठशांबद्दल: त्या रेषा आईच्या पोटात पाचव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात आणि मग जन्मभर बदलत नाहीत. चोर पकडायला त्या उत्तम आहेत. बुद्धीशी त्यांचा काही संबंध असल्याचा शास्त्रीय आधार नाही. पाच हजार परत मागून पाहा. मिळणार नाहीत, पण मागा.

बाई, मी लातूरला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मानसशास्त्र घेतलंय. प्रात्यक्षिक म्हणून आजीला एक कोडं घातलं: “लांबच्या एका गावात सगळ्या म्हशी पांढऱ्या असतात. पारूबाईची म्हैस त्या गावची आहे. तर तिचा रंग कोणता?” आजी म्हणाली, “म्हैस कुठं पांढरी असती का? तुला कुणी सांगितलं? मी ती म्हैस बघितली न्हाई, कसं सांगू?” तीनदा विचारलं, तीनदा तेच. वर्गात सगळे हसले. पण आजी शाळेत गेली नसली तरी गल्लीतल्या भिशीचा हिशेब तिच्या डोक्यात असतो, आणि बाजारात जनावर बघून किती वेतं झाली ते ती सांगते. मग आजी बुद्धिमान आहे की नाही?

पोरी, तुझ्या आजीनं जे उत्तर दिलं तेच उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांनी दिलं होतं आणि त्यावर एक अख्खं पुस्तक आहे. अलेक्सांद्र लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१ आणि १९३२ मध्ये तिकडच्या खेड्यांत आणि डोंगरांतल्या कुरणांवर गेला. सोव्हिएत राजवट तेव्हा तिथं शाळा आणि सामुदायिक शेती आणत होती. निरक्षर माणूस आणि नुकता दोन बुकं शिकलेला माणूस शेजारी शेजारी सापडत होते. त्याचं कोडं असं: दूर उत्तरेला जिथं बर्फ असतं तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेमल्या उत्तरेला आहे, तिथं कायम बर्फ असतं. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? न शिकलेल्यांनी सांगितलं की आम्ही तिकडं गेलो नाही, जो गेलाय त्याला विचारा. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल आम्ही बोलत नाही. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांतलं वेगळं काय ते सांगा, असं विचारलं तर त्यांना काहीच वेगळं काढवेना. ओंडका काढून टाकला तर करवत आणि कुऱ्हाड करणार काय? सरळ बोलणं आहे.

गंमत पुढे आहे. ज्यांची थोडीशीच शाळा झाली होती त्यांना हेच कोडं सुटत होतं. एक-दोन वर्षांत डोकं बदलत नाही. बदललं ते एवढंच की ‘समजा असं आहे’ म्हटल्यावर समजायची तयारी आली. हे निष्कर्ष सरकारला रुचले नाहीत, त्यात खेडुतांची बदनामी दिसली, आणि पुस्तक निघायला १९७४ उजाडलं.

‘समजा’ची ही सवय शतकभरात जगभर पसरली. न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिन या अभ्यासकानं १९८० च्या दशकात दाखवलं की देशोदेशी बुद्धिमापनाचे गुण दर दहा वर्षांना साधारण तीन या गतीनं चढत आले आहेत. सगळ्यात जास्त कुठं? आकृत्यांच्या, अमूर्त कोड्यांत. शब्दसंग्रह आणि अंकगणितात कमी. आजच्या निकषानं आपले पणजोबा मंदबुद्धी ठरतील. ते तसे नव्हते, त्यांच्याकडे वेगळं काम होतं. नाशिकच्या पत्रात जुने निकष म्हातारे झाले म्हटलं ते यासाठी.

पण म्हणून ‘आजीचं शहाणपण खरं, शाळेचं खोटं’ अशा गोड गोड निष्कर्षावर येऊ नकोस. तुझ्या वर्गात तेही म्हणणारे निघतील. न पाहिलेल्या गोष्टीवर विचार करता येणं ही मोठी ताकद आहे. रोगजंतू कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. कायदा, विमा, बीजगणित, सगळं ‘समजा’वर उभं आहे. आजीला ती ताकद मिळाली नाही, कारण तिला शाळेत घातलं नाही. हे तिचं नुकसान झालं आणि ते तसंच म्हणावं. त्याच वेळी, “तुला कुणी सांगितलं?” हा तिचा प्रश्न तुझ्या वर्गातल्या किती जणांना फोनवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी सुचतो, तेही एकदा मोज. प्रात्यक्षिक होईल.

आणि आजीला पुन्हा बसवणार असशील तर कोडं भिशीचं घाल. “समजा, एका भिशीत बारा बायका आहेत आणि चौथ्या महिन्यात एकजण पळाली.” मग बघ ती किती लांबवर तर्क करते.

स्त्रियांचा मेंदू पुरुषांपेक्षा वजनाला कमी भरतो हे शास्त्र सांगतं. मग बुद्धीत समानता कशी? खरं छापायचं धाडस दाखवा. — एक सेवानिवृत्त वाचक, संगमनेर

रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांचा मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर दोन किलोच्या वर भरला. आनातोल फ्रान्स यांचा जेमतेम एक किलो. फ्रान्स यांना १९२१ चं साहित्याचं नोबेल मिळालं. दोघांचीही पुस्तकं उपलब्ध आहेत, वजन करून कोणतं चांगलं ते ठरवा. हत्तीचा मेंदू पाच किलोच्या आसपास असतो. वर सांगितलेला बिनेसुद्धा आधी पोरांच्या डोक्याला टेप लावत हिंडला होता. हाती काही लागलं नाही म्हणून त्यानं टेप ठेवून दिली आणि प्रश्न विचारायला लागला.

छापलं. पुढचं पत्र.

मॅडम, मी चिंचवडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझे आई-वडील चिपळूणजवळ राहतात, काजूच्या हंगामावर माझी फी भरतात. मी चार तास घालून जो प्रोग्राम लिहितो तो चॅटजीपीटी मिनिटात देतो. निबंध, भाषांतर, गणित, सगळं. मग माणसाच्या बुद्धीचा उपयोग काय उरला? खरंच विचारतोय.

खरंच विचारतोयस हे कळतंय, म्हणून नीट सांगते.

आधी हे बघ की ‘हुशारी’ कशाला म्हणायचं ते प्रत्येक पिढी बदलते. माझ्या आजोबांच्या वेळी ज्याला पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी तोंडपाठ तो हुशार. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तुझ्या वडिलांनाही तो शब्द माहीत नसेल. १९८० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात शकुंतलादेवींनी तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला. तेव्हा कॅल्क्युलेटर खिशात आलेला होता, तरी लोक थक्क झाले. पुढे आर्थर जेन्सन या मानसशास्त्रज्ञानं त्यांच्या चाचण्या घेतल्या, तर साध्या प्रतिक्रियांचा त्यांचा वेग चारचौघांसारखाच निघाला. त्यांचं संख्यांशी असलेलं नातं वेगळं होतं, लहानपणापासून जडलेलं. यंत्रानं गुणाकार घेतला म्हणून गणिती बेकार झाले नाहीत. कारकुनी करणारे मात्र झाले, तेही लपवत नाही. तुझी भीती अगदीच पोकळ नाही.

आता मूळ प्रश्न, बुद्धी कशासाठी. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के आणि खातो वीस टक्के ऊर्जा. निसर्ग इतका महागडा अवयव हौसेखातर पोसत नाही. पूर्वी उत्तर दिलं जायचं: हत्यारं करायला, शिकार करायला. इंग्लंडच्या निकोलस हम्फ्री या मानसशास्त्रज्ञाला ते पटेना. रवांडाच्या डोंगरात त्यानं गोरिले पाहिले होते. भोवती पालाच पाला, शत्रू फारसे नाहीत, दिवसभर खाणं आणि लोळणं. तरी प्रयोगशाळेत हाच प्राणी अवघड कोडी सोडवतो. मग रानात त्याला ही बुद्धी कशाला लागते? १९७६ च्या लेखात त्यानं म्हटलं की ती एकमेकांसाठी लागते. कोण कुणावर रुसलाय, कुणाची बाजू घेतली तर कोण उलटेल, कुणाला आत्ता शेंडा सोडला तर उद्या परत मिळेल. कोकणात भाऊबंदकीच्या सामाईक जमिनीत वाढलेल्या मुलाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

२०११ मध्ये ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर हे दोन संशोधक एक पाऊल पुढे गेले. त्यांचं म्हणणं, तर्क करायची शक्ती एकट्यानं सत्य शोधण्यासाठी घडलेलीच नाही. ती दुसऱ्याला पटवण्यासाठी आणि दुसऱ्याचं पटतंय का ते पारखण्यासाठी घडली. याचा पुरावा तुझ्या खोलीवरच्या मित्रांवर तपासता येईल. चार पत्ते मांड: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा ते ठरवायला कोणते पत्ते उलटावे लागतील? पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचं हे १९६० च्या दशकातलं कोडं. एकट्यानं सोडवायला बसलेल्या दहांत एखाद्यालाच येतं. बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. पाच-सहा जणांना एकत्र बसवून वाद घालू दिला, तर एका प्रयोगात चारांतल्या तीन गटांना ते सुटलं. कारण कुणीतरी म्हणतो, “अरे, ४ च्या मागे क निघाला तरी नियम कुठं मोडतो?” आणि दुसरा म्हणतो, “पण ७ च्या मागे अ निघाला तर?” उत्तर अ आणि ७. हुशार माणूस एकटा बसला की स्वतःच्या चुकीला सुंदर कारणं शोधतो, हे मी ओपीडीच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आहे, डॉक्टरांच्या बाजूला जरा जास्त.

तर तुझं यंत्र प्रोग्राम लिहील. पण चुकलं तर उद्या त्याला कुणाला तोंड दाखवायचं नसतं. हा प्रोग्राम कुणाच्या कामाचा, कुणाची पोटं त्यावर आहेत, ‘चालतंय’ म्हणजे कुणासाठी चालतंय, हे ठरवणारा आणि त्यावर भांडणारा माणूस लागतो. तसा माणूस व्हायला तुला यंत्रापेक्षा वेगानं लिहायची गरज नाही. पण त्यानं लिहिलेलं वाचून चूक पकडता आली पाहिजे, आणि ती नजर ते चार तास घातल्याशिवाय येत नाही. निदान तिसरं वर्ष संपेपर्यंत ते चार तास सोडू नकोस.

पुण्यात आहेस म्हणून सांगते. १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी तिथं ज्ञान प्रबोधिनी काढली ती याच प्रश्नावर: हुशार मुलं आहेत, ती समाजाच्या कोणत्या कामी येणार? मुलं चाचणीनं निवडण्याबद्दल माझे आक्षेप आहेत, वर नोबेलवाल्यांची गोष्ट वाचलीस ना. पण बुद्धी मोजल्यावर ‘पुढे काय’ हे विचारणारे मला फार थोडे भेटले, आणि ते त्यांतले.

काजूचा प्रश्नही बघ जमलं तर. वडिलांना बी कोण कोणत्या भावानं विचारतो, हे तुला माहीत आहे का?

ताई, वय ७१, डोंबिवली. हल्ली नावं आठवत नाहीत. परवा समोर शेजारी उभे आणि मला नाव सुचेना. मुलगी म्हणते, बाबा रोज सुडोकू सोडवा, बुद्धी शाबूत राहते. बँकेचे व्यवहार, औषधं, सगळं माझं मी करतो. बुद्धी चालली का?

एकच बुद्धी आणि ती एकदमच जाते, असं नसतं. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञानं तिचे दोन भाग कल्पिले: नव्या अडचणीवर झटपट तोड काढणारी आणि साठवणीतली. पहिली तिशीच्या आसपासच उतरणीला लागते, आपल्याला कळतं साठीनंतर. दुसरी, म्हणजे शब्द, अनुभव, माणसाची पारख, सत्तरीतही बऱ्यापैकी टिकते. शेजाऱ्याचं नाव घरी गेल्यावर आठवलं असेल तर ते वयाचं. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकली, बँकेत पूर्वी होत नसलेले घोळ व्हायला लागले, तेच ते पुन्हा पुन्हा विचारलं जातंय असं घरच्यांनी सांगितलं, तर लगेच डॉक्टर.

सुडोकू आवडत असेल तर सोडवा. त्यानं माणूस सुडोकूत तरबेज होतो, त्यापलीकडे फार आशा ठेवू नका. त्यापेक्षा रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. आणि कान. कमी ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांत धरलं जातं, कारण ऐकू येईना की माणूस बोलण्यातून, चार लोकांतून हळूहळू उठतो. तुमच्या मुलीनं पत्राखाली वेगळ्या शाईनं लिहिलंय की बाबा टीव्ही फार मोठा लावतात. चष्मा लावताना लाज वाटली नाही, तर कानाच्या यंत्राची कसली?